चंदीगडहून स्कीइंगला जाताना

मुक्काम : चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये राहिलात तर सेक्टर 43 चे बसस्थानक जवळ. हिमाचलच्या बस तिथून सुटतात.

अंतर : मनाली सुमारे 300 किमी, पुढे जिथे स्कीइंग चालते ते सोलंग 13 किमी.

उंची : चंदीगड सुमारे 320 मीटर, मनाली 2,050, सोलंग 2,500. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवाच.

हंगाम : जानेवारी-फेब्रुवारी. जोरदार हिमवृष्टीत रस्ता बंद होतो, म्हणून एक दिवस हाताशी राखा.

स्की की स्नोबोर्ड : स्कीला दोन पायांना दोन पट्ट्या, स्नोबोर्डला दोन्ही पाय एकाच फळीवर, अंग आडवे.

शिक्षण : मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था स्कीइंगचे अभ्यासक्रम चालवते.

सामान : हेल्मेट, गॉगल, पाणी न शिरणारे हातमोजे. आतून सुती कपडे टाळा. घामाने भिजले की अंग गारठते.