खिळ्याविना होडी

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीच्या पुळणीवर इंजिनाच्या होडीचं कोणाला अप्रूप नाही. पण लोखंडाचा खिळाही माहीत नव्हता, तेव्हा माणूस या दर्यात कशावर बसून गेला? लाकूड, काथ्या, बोरू सगळं कुजतं. उत्खननात होडी क्वचितच हाती लागते. म्हणून काही संशोधक जुन्या रीतीने होडी बांधूनच पाहतात. याला प्रायोगिक पुरातत्त्व म्हणतात.

आपल्याकडचं ताजं उदाहरण ‘कौंडिण्य’चं. अजिंठ्यातल्या 5व्या शतकातील चित्रावरून हे जहाज 2023 पासून गोव्यात बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या. भिंतीवरच्या चित्रात जहाजाचं पोट आणि तळ कुठून दिसणार? त्याचा अंदाज बांधून आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात पोरबंदरहून शिडावर निघून जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोचलं.

शिवणीचं काम पाहण्यासारखं असतं. फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची वळी ठेवायची, तिच्यावरून दोर आवळायचा. मग भोकं काथ्याने ठासून राळ-तेलाने बुजवायची. असा सांधा थोडा लवतो, म्हणून होडी वाळूवर आदळली तरी फळ्या सहसा उकलत नाहीत. दोर सैल पडला तर पाणी शिरतं, फार आवळला तर फळीची कड फुटते. नेमका ताण हाताला कळतो, आणि हात तयार व्हायला वेळ लागतो.

इथे स्वयंसेवक उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये फाल्मथच्या सागरी संग्रहालयात 2012-13 मध्ये फेरिबीला सापडलेल्या, सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या होड्यांवरून एक होडी बांधली. स्वयंसेवकांनी कांस्याच्या कुऱ्हाडींनी ओक तासला आणि यू झाडाच्या पिळलेल्या फांद्यांनी फळ्या शिवल्या. कोणतं हत्यार किती लवकर बोथट होतं, एका फळीला किती माणसं लागतात, हे अशा कामातच कळतं.

फसलेला प्रयोगही शिकवतो. ओमानमधल्या रास अल-जिन्झला डांबराचे जे तुकडे सापडले, त्यांच्या एका अंगाला बोरूचे ठसे होते, दुसऱ्या अंगाला समुद्री जीव चिकटले होते. त्यावरून बांधलेली बोरूची ‘मगन’ नौका 2005 मध्ये गुजरातकडे निघाली आणि थोड्याच वेळात बुडाली; खलाशी वाचले. पुढे 2024 मध्ये अबू धाबीत बांधलेली 18 मीटरची नौका मात्र 50 सागरी मैल चालली. तेवढ्यावरून जुने लोक नेमके असेच गेले, हे सिद्ध होत नाही. जाणं शक्य होतं, इतकंच म्हणता येतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. रत्नागिरीच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांत पाकट आणि शार्क आहेत. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण पाकट होडीतून मारला की ओहोटीला उथळ पाण्यात गाठला, हे कातळ सांगत नाही. ते ताडून पाहायला मोठं जहाज नको. एका खोडाची डोण कोरून, तिला उलांडी लावून, बुरोंडीसारख्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चालवून पाहता येईल. दगडी हत्याराने खोड किती दिवसांत पोखरून होतं, लाटेत डोण कधी कलंडते, याची रोज नोंद ठेवायची. नोंदवही कॉलेजची मुलं सांभाळतील. लाकूड निवडायला आणि डोण पाण्यात नेऊन पारखायला मात्र जुना मेस्त्री आणि दर्यावर्दी हवेत, आणि अहवालावर त्यांची नावं संशोधक म्हणूनच छापली पाहिजेत.