जुन्या नक्षीदार लाद्यांची निगा

कुलाब्याच्या अफगाण चर्चचा अभिषेक १८५८ साली झाला. तेथील नक्षीदार लाद्या विल्यम बटरफिल्ड यांच्या आराखड्यानुसार इंग्लंडहून आणलेल्या आहेत. पुढे १९२२ साली मुंबईत भारत टाइल्सची स्थापना झाली आणि सिमेंटची नक्षीदार लादी येथेच बनू लागली. काशीमीरा परिसरात कोणाच्या ओसरीत अशी जुनी फरशी असल्यास, ती उकरण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम लादी ओळखावी. कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. फेस आला तर ती सिमेंटची. न आल्यास बहुधा भट्टीत भाजलेल्या मातीची. ॲसिड दोन्हींवर वर्ज्य. सिमेंटच्या लादीचा पृष्ठभाग ते खाते, मातीच्या लादीचे सांधे. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश पुरेसा आहे.

खरा घात सीलर लावताना होतो. जुन्या फरशीखाली ओल अडविणारा थर बहुधा नसतो. जमिनीतील ओल लादीतूनच बाहेर पडते. वर वार्निशसारखा पापुद्रा चढविला की ती कोंडते, लोणा फुटतो आणि लादी झडू लागते. म्हणून पावसाळ्यात हे काम नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून चोवीस तास ठेवावा. खाली दव साचल्यास आणखी थांबावे. कोरडे आढळल्यास लादीत मुरणारा, वाफ बाहेर जाऊ देणारा सीलर पातळ लावावा आणि वर राहिलेला लगेच पुसून घ्यावा. आरशासारखी चकाकी येणार नाही. ती मुळातही नव्हती.