अंबरनाथचे साचे, लंडनची पत्रे

1868 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी अंबरनाथच्या शिवमंदिरात कामाला लागली. प्रमुख होते शाळेचे जॉर्ज टेरी, हाताखाली शाळेतलीच मुले. सरकारचा हुकूम होता की जुन्या वास्तूंचे आराखडे काढावेत आणि कोरीवकामाचे साचे घ्यावेत. याच योजनेत राजेंद्रलाल मित्र ओरिसात गेले. हेन्री कोलने सांचीच्या तोरणाची अख्खी प्रतिकृती लंडनला पोचवली. मुंबई इलाख्यातून निवड झाली अंबरनाथची. शेजारचे उल्हासनगर तेव्हा जन्माला यायचे होते. मात्र कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीकडे जाणारी रेल्वे 1856 पासून धावत होती.

साचा घेणे हे चिकाटीचे काम. दगड स्वच्छ करायचा, प्लास्टर चिकटू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा आणि मग थर द्यायचा. सपाट भिंत असेल तर साचा एकसंध निघतो. अंबरनाथला सपाट भिंत आहे कुठे? देवतेचा कोपर दगडापासून सुटलेला, कमरपट्ट्याखाली खोल खाच. तिथे साचा तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो. प्रत्येक तुकडा आला त्या वाटेने अलगद सुटला पाहिजे, नाहीतर मूर्तीचे बोट गेलेच म्हणून समजा. कुठला तुकडा आधी सुटेल हे ताडायचे, तर मूळ शिल्पकाराची छिन्नी कशी फिरली तेही ओळखावे लागते. अभ्यासाचा याहून चांगला मार्ग मला तरी ठाऊक नाही.

त्याच वेळी जे. जे.मध्ये दोन मित्र शिकवत होते, जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स. दोघांचा जन्म 1837 चा, दोघांचे हात लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या सजावटीवर घडलेले आणि दोघेही 1865 मध्ये मुंबईत आले. लॉकवुडची पत्नी अॅलिस. तिची एक बहीण जॉर्जियाना चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सची बायको, दुसरी अॅग्नेस एडवर्ड पॉइंटरची. म्हणजे व्हिक्टोरियन कलाजगतातली दोन मोठी नावे मुंबईच्या या शिक्षकाचे साडू! जून 1868 मध्ये अॅलिसची मुलगी ट्रिक्स लंडनला बर्न-जोन्स दांपत्याच्या घरी जन्मली. नवरा इकडे, बायको-मुले तिकडे. मधे बोटीचे टपाल. सुएझ कालवा खुला झाला 1869 च्या नोव्हेंबरात, तोवर इजिप्तचा टप्पा टपालाला आगगाडीनेच ओलांडावा लागे.

लॉकवुडने मैत्रीण एडिथ प्लाउडनला लिहिलेली पत्रे आज ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जॉर्जियानाने नवऱ्याच्या आठवणींचे दोन खंड 1904 मध्ये छापले. पत्रे जपणारी माणसे होती, म्हणून त्या वर्तुळातली आजारपणे, भेटीगाठी, रुसवेसुद्धा आज अभ्यासकांच्या हाती लागतात.

अंबरनाथच्या बाजूलाही कागद आहेत. मंदिराची माहिती 1874 मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त आली. इथला शिलालेख भाऊ दाजींनी शके 782 चा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो आकडा 982, म्हणजे इ.स. 1060 असल्याचे दाखवले आणि मंदिर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळाशी जुळले. दोन शतकांची ही दुरुस्ती केली ती भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाने. मला याचे फार अप्रूप वाटते.

किपलिंग 1875 मध्ये लाहोरला गेला. ग्रिफिथ्स मुंबईतच राहिला. 1872 पासून त्याने विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवल्या. त्यातल्या पेस्तनजी बोमनजींचे नाव आज कलेच्या इतिहासात आहे. अंबरनाथच्या खाचांत बोटे घालून साचे सोडवणाऱ्या मुलांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. बर्न-जोन्सच्या घरची पत्रे जेवढ्या बारकाईने वाचली जातात, तेवढ्याच बारकाईने 1868 ची सरकारी दप्तरे आणि शाळेचे जुने अहवाल कुणीतरी चाळले पाहिजेत. हे काम अंबरनाथ-बदलापूरच्या एखाद्या कलाविद्यार्थ्याने अंगावर घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मंदिर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.