समुद्राकाठच्या मुंबईची हवा बिघडते, मग धाराशिवची मोकळी हवा कितपत चांगली?

दिवाळीला मुंबई-पुण्याहून गावी आलेली मंडळी पहिल्याच सकाळी म्हणतात, ‘इथली हवा किती छान!’ त्यात खोटे काही नाही. साखर कारखाने सोडले तर धाराशिव जिल्ह्यात मोठी धुराडी फारशी नाहीत. बालाघाटच्या पठारावर वारा खेळता असतो, भूम-वाशीकडे पवनचक्क्या त्याच्याच जिवावर फिरतात. पण मुंबईकरही अनेक वर्षे असाच विश्वास बाळगून होते. तीन बाजूंनी समुद्र आहे, धूर वाऱ्याने निघून जाईल, आपली दिल्ली होणार नाही, असा तो हिशेब होता. तो का चुकला हे पाहिले की महामार्गालगत राहणाऱ्या धाराशिवकराने कशाची काळजी करावी आणि कशाची नाही, हे बरेचसे कळते.

बेटावरचा धूर जातो कुठे?

मुंबई मुळात सात बेटांची. भराव घालून ती एक झाली, पण आजही ती बेटावरच आहे. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा उलट्या दिशेने, समुद्राकडे वाहतो. या येण्या-जाण्याने हवा धुतली जाते, हे खरे. मात्र वारा मंद असेल तर रात्री समुद्राकडे गेलेला धूर सकाळच्या वाऱ्याबरोबर पुन्हा किनाऱ्यावर येतो.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईत हा वाराच मंदावला. तेव्हा ‘ला निना’चा सलग तिसरा हिवाळा होता. समुद्र आणि जमीन यांच्यातले वाऱ्यांचे नेहमीचे आलटून-पालटून चक्र रेंगाळले आणि धूलिकण शहरावरच साचले, अशी मांडणी हवा गुणवत्तेचे अभ्यासक डॉ. गुफरान बेग यांनी केली होती. त्या हिवाळ्यात काही दिवस मुंबईची हवा दिल्लीपेक्षाही वाईट नोंदली गेली. वाहने, बांधकामे आणि कारखाने आदल्या वर्षीही होतेच. त्यांचा धूर आणि धूळ वाहून नेणारा वारा तेवढा कमी पडला.

वाहनांच्या धुराची मुंबईकरांची तक्रार याहून बरीच जुनी आहे. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ ही रहिवाशांची संघटना १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्यातून तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली गेली आणि पुढे शहरातल्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहनांवर बंदी घालून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक वाहनांना परवानगी देता येईल का, हे तपासायला राज्य सरकारने सात जणांची समिती नेमली. भोवती समुद्र असूनही पाव शतक हा विषय मिटलेला नाही.

मग धाराशिवचा संबंध काय?

संबंध रस्त्याचा आहे. सोलापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ (जुना २११) तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा जिल्ह्याच्या मधून जातो. दक्षिणेला नळदुर्ग-उमरगा भागातून पुणे-हैदराबाद हा महामार्ग ६५ जातो. तुळजापुरातून लातूर-नांदेडमार्गे नागपूरकडे जाणारा ३६१ निघतो. याशिवाय ऊस गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असतेच.

‘शहराची हवा’ आणि ‘रस्त्याकडेची हवा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखातले एवढे एकच लक्षात राहिले तरी पुरे. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला की, मोठ्या रस्त्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात वाहनांच्या प्रदूषणाचा सर्वाधिक परिणाम होतो. लॉस एंजेलिसच्या महामार्गांवर झालेल्या मोजणीत अतिसूक्ष्म कण रस्त्याच्या कडेला प्रचंड होते आणि सुमारे ३०० मीटरवर ते आसपासच्या हवेइतके उतरले होते. म्हणजे गावाची हवा उत्तम असली तरी हायवेला लागून टपरी चालवणाऱ्याची हवा उत्तम असेलच असे नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. मराठवाड्याच्या गावांत सूक्ष्म कणांचा वाहने हा एकच स्रोत नाही. चुलीचा धूर, पेटवलेले उसाचे पाचट, उघड्यावर जाळलेला कचरा आणि कोरड्या मातीची धूळ यांचा वाटा मोठा आहे. पण चौकात, बसस्थानकात, ढाब्यावर दिवस काढणाऱ्याच्या श्वासात वाहनांच्या धुराचा हिस्सा वाढतो. त्यातही डिझेलच्या धुराचा प्रश्न गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला.

पहाटे हायवेवर फिरायला जाणे कितपत योग्य?

थंडीत पहाटे पाच-साडेपाचला जिल्ह्यातल्या कुठल्याही हायवेच्या कडेला पाहा. मफलर गुंडाळून झपाझप चालणारी माणसे दिसतील. रस्ता गुळगुळीत, गर्दी कमी आणि हवा ‘ताजी’. भरधाव वाहनांचा धोका तर आहेच. पण या ताज्या हवेबद्दलही शंका घ्यायला जागा आहे.

रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. थंड हवा जड असल्याने ती वर चढत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा प्रकार होतो आणि खालचा धूर खालीच राहतो. पहाटे गावावर धुराचा निळसर आडवा पट्टा तरंगताना दिसतो तो याच कारणाने. सूर्य वर आला, जमीन तापली की हे झाकण उघडते.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तो झाला कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरात. दिवसा महामार्गाचा धूर काहीशे मीटरांत विरतो. सूर्योदयाआधी मात्र त्याचा प्रभाव वाऱ्याच्या दिशेने एक किलोमीटरहूनही पुढे आढळला. त्या वेळी रस्त्यावर वाहने गर्दीच्या वेळेपेक्षा कमी होती, तरीही. वाहने किती आहेत याइतकेच हवा हलते आहे का यालाही महत्त्व असते.

त्यात झपाझप चालताना आपण बसलेल्या माणसाच्या दोन-तीन पट हवा आत घेतो. म्हणून चालणे बंद करा असे कोणी म्हणणार नाही. चालण्याचे फायदे मोठे आहेत. जागा आणि वेळ बदलली की पुरते. हायवेऐवजी शाळेचे मैदान, शेतरस्ता किंवा धाराशिव शहरात हातलाईचा डोंगर. तेही जमत नसेल तर थंडीच्या दिवसांत ऊन पडल्यावर निघा.

मोबाइलवर एक्यूआय ‘चांगला’ दिसतो, मग?

देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे २४ तासांचे प्रमाण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर शेरा ‘चांगला’, ६० पर्यंत ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची दिवसाची मर्यादा आहे १५. म्हणजे आपला ‘चांगला’ त्यांच्या मर्यादेच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय तो २४ तासांचा सरासरी आकडा. पहाटेचा आणि संध्याकाळचा चढ त्यात दडून जातो.

दुसरी अडचण अशी की, अनेक खासगी अ‍ॅप जवळपास यंत्र नसले तरी उपग्रह आणि गणिती प्रारूपावरून अंदाज दाखवतात. आकड्याखाली मोजणी केंद्राचे नाव आहे का, ते केंद्र कुठे आहे, हे आधी पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर केंद्रानुसार आकडे मिळतात.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात राज्यातली १९ शहरे आहेत. त्यात शेजारची लातूर आणि सोलापूर आहेत, धाराशिव नाही. पण ही यादी जिथे नियमित मोजणी होत होती त्या शहरांतून निघाली. यादीत नाव नसणे हे हवा शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

बीएस-६ आल्यावर धूर कमी झाला नाही का?

नव्या वाहनांपुरता नक्कीच झाला. १ एप्रिल २०२० पासून इंधनातील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले. ट्रकला कण अडवणारी गाळणी आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा आली. चालक ज्याला ‘युरिया’ म्हणतात ते द्रावण याच यंत्रणेसाठी लागते. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. आणि ऊस वाहणारा ट्रॅक्टर बीएस-६ मध्ये मोडतच नाही. त्याचे ‘ट्रेम’ हे निकष वेगळे. जानेवारी २०२३ पासून लागू झालेला त्यातला चौथा टप्पा फक्त ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांसाठी होता. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या खालचे.

पीयूसीवरही फार विसंबू नये. डिझेल गाडीच्या या चाचणीत धुराची दाटी मोजतात, पीएम २.५ किंवा नायट्रोजन ऑक्साइड नाही. ब्रेक, टायर आणि रस्त्यावरची धूळ तर कुठल्याच इंजिनाच्या निकषात येत नाही. इलेक्ट्रिक गाडीही ती उडवतेच.

काळजी कोणी, किती करावी?

मोटारसायकलवरून दहा मिनिटांत हायवे ओलांडणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही. खरा प्रश्न रोज आठ-दहा तास रस्त्याकडेला काढणाऱ्यांचा आहे. वाहतूक पोलीस, पंपावरची पोरे, फळविक्रेते, बसस्थानकातले हमाल यात येतात. दम्याची मुले आणि हृदयविकाराचे रुग्णही. रुमाल बांधल्याने धूळ अडते, सूक्ष्म कण नाहीत. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो आणि तो उन्हाळ्यात दिवसभर लावणे किती अवघड आहे हे कोविडमध्ये सगळ्यांनी अनुभवले आहे. त्यामुळे मास्कपेक्षा उभी गाडी बंद ठेवणे आणि टपरी रस्त्यापासून थोडी मागे घेणे जास्त कामाचे. शाळेच्या वर्गाच्या हायवेकडच्या खिडक्या वर्दळीच्या वेळी लावून मागच्या उघडता येतात.

रस्त्यावरची वाहतूक वळवणे आपल्याला अगदीच नवे नाही. कोजागरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणाऱ्या भाविकांसाठी या मार्गावरची वाहतूक दरवर्षी वळवली जाते. कारण अर्थातच अपघात टाळण्याचे असते. पण त्या रात्री आणि एरवीच्या रात्री रस्त्याकडेची हवा एखाद्या साध्या सेन्सरने मोजली, तर आपल्या धुरात ट्रकचा वाटा किती हे जिल्ह्याच्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे सहज जमण्यासारखे आहे.