शिक्षा झाली, मग नोकरीचे काय?

बीड जिल्हा परिषदेचा शिक्षक ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर १९६४च्या शिस्त व अपील नियमांनुसार तो निलंबित मानला जातो. गुन्हा सिद्ध झाल्यावर त्याच कारणासाठी बडतर्फ करायला वेगळी विभागीय चौकशी लागत नाही. अपील प्रलंबित आहे म्हणून थांबायचेही कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच हे स्पष्ट केले. खासगी शाळांतील शिक्षकांना १९७७चा सेवाशर्तींचा कायदा आहे.

खरी चिंता शिकवणी वर्गांची. जून २०२५मध्ये बीड शहरातल्या अशाच वर्गातील दोघा शिक्षकांवर पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. निवाडा न्यायालय करील. पण वरचा एकही नियम शिकवणीला लागू नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील दोषींना नेमू नये, असे केंद्राच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. त्या सूचनाच आहेत, कायदा नव्हे.