घरचा संगणक : आवाज कमी, खर्चही बेताचा

बदली हा बँक अधिकाऱ्याच्या जीवनाचा अविभाज्य भाग होय. २०२२ साली माझी बदली नाशिकहून सिकंदराबादला झाली आणि चार खोल्यांचा संसार दोन खोल्यांत मावला. बाहेरच्या खोलीत दिवसा बैठक, रात्री वडिलांचे अंथरूण आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात आमचा जुना संगणक, अशी व्यवस्था झाली. सीएआयआयबी परीक्षेच्या अभ्यासासाठी मी रात्री साडेदहानंतर संगणकासमोर बसत असे. डिसेंबर महिन्यात एके पहाटे पाणी पिण्यास उठलो, तो वडील स्वयंपाकघरात चटई अंथरून निजलेले दिसले. विचारले तेव्हा ते इतकेच म्हणाले, "तुझा अभ्यास चालू दे. मला इथे बरी झोप लागते."

वडिलांनी तक्रार केली नाही, म्हणूनच ती गोष्ट मनाला अधिक लागली. उन्हाळ्यात छताच्या पंख्याच्या आवाजात संगणकाची घरघर विरून जात असे. थंडीत पंखा बंद, खिडक्या बंद आणि वडिलांच्या उशापासून पाच फुटांवर ते घरघरणारे खोके! त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. त्यातून जे हाती आले, ते माझ्यासारख्याच मर्यादित जागेत आणि मर्यादित उत्पन्नात राहणाऱ्या ग्राहकांना व सहकाऱ्यांना उपयोगी पडेल, या हेतूने येथे मांडत आहे.

आवाजाचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत परिसरातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बंद खोलीत, कानाजवळ, सतत चालणारा आवाज त्याहून बराच कमी असला तरी झोपमोड करू शकतो.

डेसिबलची बेरीज आपल्या खतावणीतील बेरजेसारखी होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिशक्ती दसपट. कानाला मात्र तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. समजा, संगणकात एक भाग ४० डेसिबलचा आणि दुसरे दोन भाग प्रत्येकी ३० डेसिबलचे आहेत. तिघांची एकत्रित बेरीज जेमतेम ४१ डेसिबल होते. आपण खर्च करून ते दोन्ही लहान आवाज पूर्णपणे बंद केले, तरी ४० उरतातच, म्हणजे फरक एका डेसिबलचाही नाही. याउलट, केवळ मोठा आवाज ४० वरून ३० वर आणला, तर एकूण आवाज सुमारे ३५ वर येतो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी परिव्ययशास्त्रात 'एबीसी विश्लेषण' शिकलेले असते : ज्या थोड्या बाबींवर सर्वाधिक रक्कम गुंतलेली असते, त्यांवर प्रथम नियंत्रण ठेवावे. येथे नेमका तोच नियम लागू पडतो. मी मात्र तो विसरलो आणि घाईघाईने कॅबिनेटचे दोन नवे पंखे आणून बसवले. नऊशे रुपये खर्ची पडले, आवाज तसाच राहिला. खरा आवाज प्रोसेसरवरील धुळीने कोंदलेल्या पंख्याचा आणि हार्ड डिस्कचा होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार झाला.

आवाजाचे मूळ शोधण्याची सोपी रीत अशी : कॅबिनेटची बाजूची झडप काढावी, जाड कागदाची लांब नळी करून तिचे एक टोक कानाशी धरावे व दुसरे टोक एकेका भागाच्या दिशेने न्यावे. आत कशालाही स्पर्श होऊ देऊ नये. फिरता पंखा बोटाने थांबवू नये. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

प्रथम जुन्या यंत्राकडे पाहावे

नवीन खरेदीपूर्वी जुन्या संगणकाची डागडुजी शक्य आहे का, हे तपासणे शहाणपणाचे. धूळ साफ करणे, प्रोसेसर व त्यावरील धातूच्या कूलरमधील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे, या तीन उपायांनी अनेक संगणक निम्मे शांत होतात.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रावर सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत, त्यावरून इंटरनेट बँकिंग करू नये. अशा जुन्या यंत्रावर लिनक्ससारखी मोफत व अद्ययावत प्रणाली बसवता येते. ते जमण्यासारखे नसेल तर नव्या जुळणीचा विचार करावा. माझे यंत्र बारा वर्षांचे होते. त्यावर आणखी खर्च करणे मला योग्य वाटले नाही.

सुट्या भागांची निवड

प्रोसेसर : शांततेचा पाया येथे घातला जातो. प्रोसेसर जितकी वीज घेतो, तितकी उष्णता निर्माण होते. ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखा फिरतो आणि पंखा फिरला की आवाज होतो. म्हणून ६० ते ६५ वॅट गटातील, चित्रदर्शनाची सोय अंगभूत असलेला प्रोसेसर घ्यावा. इंटेलचा कोअर आय३-१२१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर ६० वॅट गटातील आहे; एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा सहा गाभ्यांचा, ६५ वॅट गटातील. पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास, चित्रपट यांसाठी दोन्ही पुरेसे आहेत. इंटेलच्या क्रमांकापुढे 'एफ' हे अक्षर असल्यास त्यात अंगभूत चित्रसोय नसते, हे खरेदीच्या वेळी पाहावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड टाळल्याने खर्च वाचतोच, शिवाय संगणकातील एक मोठा आवाज मुळातच येत नाही.

कूलर : प्रोसेसरसोबत खोक्यात मिळणारा लहान पंखा काम भागवतो, परंतु ताण येताच वेगाने फिरू लागतो. त्याऐवजी उष्णतावाहक नळ्यांचा उभा कूलर व १२० मिलिमीटरचा पंखा घेतल्यास तेवढीच उष्णता कमी वेगात बाहेर पडते. कूलरची उंची आणि कॅबिनेटमध्ये मावणारी कमाल उंची मिलिमीटरमध्ये ताडून पाहावी, तसेच तो आपल्या प्रोसेसरच्या सॉकेटला बसतो याची खात्री करावी.

पंखे : पंख्याचा वेग निम्मा केला, तर हवेचा प्रवाह निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणूनच वेगाने फिरणाऱ्या लहान पंख्यापेक्षा सावकाश फिरणारा मोठा पंखा केव्हाही चांगला. मिनिटाला ६०० ते ९०० फेरे घेणारा १२० मिलिमीटरचा चांगला पंखा दोन हातांवरून जेमतेम ऐकू येतो. चार पिनांचा पंखा घ्यावा. मदरबोर्डला त्याचा वेग तापमानानुसार अचूकपणे कमी-अधिक करता येतो.

कॅबिनेट : 'आवाजरोधक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, आतून फोम लावलेल्या बंद कॅबिनेटचा मोह मलाही झाला होता. परंतु आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ३५ ते ४० अंशांपर्यंत जाते. हवेला वाट नसेल तर पंखे जोराने फिरतात आणि फोमचा उद्देशच विफल होतो. दर्शनी भागी काच असलेली, दिव्यांनी झगमगणारी कॅबिनेटे त्याच कारणाने टाळावीत. पुढे जाळी, तिच्यामागे काढून धुता येणारी धूळगाळणी, पुढे एक व मागे एक सावकाश फिरणारा पंखा, एवढे पुरे. पत्रा जरा जाड असावा. पातळ पत्रा कंप पावून स्वतःच आवाज करतो.

एसएमपीएस : काटकसरीची कात्री बहुधा या भागावर प्रथम चालते, आणि तेच अयोग्य. वर सांगितलेली जुळणी पूर्ण ताणाखालीही साधारण १०० वॅटच्या आसपास वीज घेते. त्यामुळे ४०० ते ४५० वॅटचा, '८० प्लस' प्रमाणित एसएमपीएस पुरेसा आहे. २००४ साली सुरू झालेले हे प्रमाणपत्र सांगते, की घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज उपयोगी पडते. उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कमी उष्णता म्हणजे कमी पंखा. त्यातही १२० मिलिमीटरचा पंखा असलेला नमुना निवडावा. अज्ञात कंपनीचा स्वस्त डबा बिघडला, तर सोबत इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो.

साठवण : एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो, म्हणून ती घरघरत नाही व तिचा वेगही अधिक असतो. ५०० जीबीची एसएसडी घरगुती कामास पुरते. जुनी छायाचित्रे साठवण्यासाठी हार्ड डिस्क हवीच असेल, तर ती बाहेरून जोडावी आणि काम संपताच काढून ठेवावी.

मदरबोर्ड व रॅम : हे भाग मूक आहेत. मदरबोर्डवर पंखे जोडण्यासाठी किमान दोन-तीन जागा आहेत का, एवढे पाहावे. स्वस्त नमुन्यांत येथेच काटछाट केलेली असते. १६ जीबी रॅम घेताना ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. अंगभूत चित्रसोयीचा वेग त्याने वाढतो.

खर्चाची विभागणी

२०२३ च्या आरंभी मी स्वतःसाठी ३५,००० रुपयांची मर्यादा आखली. मॉनिटर, कळफलक व माऊस जुनेच ठेवले. प्रत्यक्ष खर्च असा झाला : प्रोसेसर १०,५०० रुपये, मदरबोर्ड ७,०००, रॅम ३,५००, एसएसडी ३,०००, एसएमपीएस ३,८००, पंख्यांसह कॅबिनेट ४,००० आणि कूलर २,०००, एकूण ३३,८०० रुपये. शेवटच्या तीन बाबींची बेरीज ९,८०० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या २९ टक्के होते. एरवी ग्राहक याच तीन बाबींत पैसे वाचवून अधिक वेगवान प्रोसेसर घेतो आणि मग वर्षानुवर्षे त्याची घरघर सोसतो.

हे आकडे त्या वेळचे आहेत. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, त्यामुळे आज तीच रक्कम पुरेल असे नाही. अशा वेळी सुस्थितीतील जुनी रॅम नव्या मदरबोर्डला चालते का, हे पाहावे किंवा तूर्त ८ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरीसाठी जागा राखून ठेवावी. शांततेच्या तीन बाबींना मात्र हात लावू नये.

खरेदी करताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याचे चांदनी चौक, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर या बाजारपेठा संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. किमान तीन दुकानांतून लेखी दरपत्रक घ्यावे. प्रत्येक भागाचा नमुना क्रमांक दरपत्रकावर व बिलावर असावा. केवळ 'एसएमपीएस ४५० वॅट' अशा नोंदीला अर्थ नाही. जीएसटीसह पक्के बिलच घ्यावे. बिलाविना वाचलेली रक्कम हमीच्या काळात महाग पडते. जुळणी स्वतः करणे अवघड नाही, पण आत्मविश्वास नसेल तर थोडे शुल्क देऊन ती दुकानातच, आपल्या समोर करून घ्यावी.

जुळणीनंतर

अर्धी शांतता योग्य भागांतून येते, उरलेली योग्य मांडणीतून. संगणक सुरू होताना मदरबोर्डच्या बायोसमध्ये जाऊन पंख्यांचा वेग तापमानाशी जुळवता येतो. ६० अंशांपर्यंत पंखे मंद ठेवावेत व त्यापुढे वेग हळूहळू वाढू द्यावा. सतत येणाऱ्या मंद आवाजाला कान सरावतो. क्षणात वाढणारा व क्षणात उतरणारा आवाज मात्र जागे करतो. तापमान बदलल्यावर वेग बदलण्यास काही सेकंदांचा अवधी देण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी.

कॅबिनेट पोकळ प्लायवूडच्या टेबलावर किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नये, कारण ते तबल्यासारखे घुमते. खाली रबराचे जाड तुकडे द्यावेत, मागे भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे आणि दर दोन महिन्यांनी धूळगाळणी स्वच्छ करावी.

फेब्रुवारीतील एका रविवारी आमचा नवा संगणक तयार झाला. त्या रात्री मी नेहमीप्रमाणे अभ्यासास बसलो. मी काहीच बोललो नव्हतो. वडिलांनी स्वयंपाकघरातून चटई उचलून आणली, आपल्या जुन्या जागी अंथरली आणि दिवा मंद करण्यास सांगून ते पडले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आज अभ्यास नाही का? यंत्र बंदच दिसते." मी म्हणालो, "चालू आहे, बाबा." त्यांनी कूस बदलली, आणि काही वेळाने खोलीत ऐकू येत होता तो फक्त त्यांचा संथ श्वास.