शंभरातले पाच जोड

पोलंडमधल्या ऑशविट्झच्या छळछावणीत, पाच नंबरच्या इमारतीत काचेपलीकडे बुटांचा ढीग आहे. सुमारे १,१०,००० बूट, चपला, सँडल. कातड्याचा रंग कधीच उडाला आहे. सगळं एकाच मातकट छटेचं झालं आहे. हा ढीग पाहताना भल्याभल्यांची वाचा बसते. तरीही तिथे उभं राहून एक साधा हिशोब करावा. इतके नग म्हणजे फार तर ५५,००० माणसांचे जोड. छावणीत मारली गेलेली माणसं सुमारे ११ लाख. नजरेत न मावणारा हा ढीग शंभरातल्या पाच जणांचा आहे. उरलेल्या पंचाण्णवांचं इथे पादत्राणसुद्धा नाही.

लहान मुलांचं पाहिलं तर आकडा आणखी खाली येतो. या छावणीत साधारण २,३२,००० मुलं आणि किशोरवयीन आणले गेले, त्यात २,१६,००० ज्यू. त्यांच्या बुटांपैकी आज उरलेत अंदाजे ८,०००. म्हणजे जास्तीत जास्त चार हजार मुलांचे.

११ लाख हा आकडा आला कुठून, हे सांगायलाच हवं, कारण ही माणसं कुणी मोजलीच नव्हती. छावणीत आणलेले लोक होते सुमारे १३ लाख. त्यांपैकी कैदी म्हणून नोंद झाली, नंबर मिळाला, तो फक्त ४ लाखांना. बाकीच्यांतल्या बहुतेकांना गाडीतून उतरल्यावर काही तासांत थेट विषारी वायूच्या कोठडीत नेलं. त्यांची वहीत ओळ नाही, फोटो नाही. युद्ध संपल्यावर सोव्हिएत आयोगाने मृतांचा आकडा ४० लाख सांगितला. छावणीचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस याने न्यूरेंबर्गच्या खटल्यात २५ लाख म्हटलं आणि पुढे स्वतःच तो कमी केला. अखेर पोलिश इतिहासकार फ्रान्सिशेक पीपर यांनी वेगळी वाट धरली. कोणत्या देशातून किती गाड्या निघाल्या, कोणत्या गावातून किती माणसं नेली, याचे कागद जुळवून त्यांनी एकेक बेरीज केली. त्यातून निघाले किमान ११ लाख मृत: सुमारे १० लाख ज्यू, ७० ते ७५ हजार पोल, २१ हजार रोमा, १५ हजार सोव्हिएत युद्धकैदी आणि इतर हजारो. १९९० मध्ये ४० लाखांचे फलक काढून टाकण्यात आले. ही दुरुस्ती दाखवून कत्तलच नाकारू पाहणारे लोक आहेत. मला पीपर यांच्या चिकाटीत मृतांबद्दलचा खरा आदर दिसतो. फुगवलेला आकडा कुणा एका माणसाचा नसतो. जुळवलेल्या आकड्यामागे प्रत्येक गाडी आणि प्रत्येक गाव असतं.

सगळी नावं माहीत असती आणि एक नाव वाचायला तीन सेकंद धरले, तर दिवसरात्र न थांबता वाचूनही ३८ दिवस लागले असते. पण तितकी नावंच हाती नाहीत. म्हणून छावणीच्या जागी असलेल्या संग्रहालयातल्या ३,८०० सुटकेसपैकी ज्या २,१०० पेट्यांवर मालकाने स्वतःच्या हाताने नाव घातलं आहे, त्यांचं मोल कशातच मोजता येत नाही. सामान परत मिळेल या भरवशावर लिहिलेली ती नावं आहेत.

१९४७ मध्ये पोलंडच्या संसदेने कायदा करून ही जागा जतन केली. आजचं क्षेत्र १९१ हेक्टर, म्हणजे ४७० एकरांच्या पुढे. त्यातले फक्त २० हेक्टर ऑशविट्झच्या मूळ छावणीचे आहेत. १७१ हेक्टर तीन किलोमीटरवरच्या बिर्केनाउ या तिच्याच दुसऱ्या छावणीचे. उभ्या इमारती १५५, अवशेष जवळपास ३००, काटेरी तारांचं कुंपण तेरा किलोमीटरहून लांब. २०१९ साली इथे २३ लाखांवर लोक येऊन गेले, २०२४ साली १८ लाखांवर. २०२४ची सरासरी काढली तर रोज पाच हजार माणसं. आता १९४४चा मे ते जुलै हा काळ घ्या. हंगेरीतून ५६ दिवसांत सुमारे ४ लाख ३० हजार ज्यू इथे आणले गेले, म्हणजे रोज साडेसात हजारांहून जास्त. आज प्रवेशासाठी ताटकळणारी गर्दी पाहून आपण थकतो, तिच्या दीडपट माणसं तेव्हा रोज उतरवली जात होती. त्यांतली बहुतेक संध्याकाळ पाहायला उरत नव्हती.

ही जागा टिकवायची कशी, हा प्रश्न मला सर्वांत गुंतागुंतीचा वाटतो. बिर्केनाउतल्या विटांच्या ४५ बराकी टिकण्यासाठी बांधल्याच नव्हत्या. आसपासच्या गावांतून लोकांना हुसकावून, त्यांची घरं पाडून विटा आणल्या आणि सोव्हिएत युद्धकैद्यांकडून पाणथळ जमिनीवर पातळ भिंती उभ्या करून घेतल्या. आज भूजल त्या भिंतींत चढतं, पाया खचतो, भिंती कलतात. लाकडी बराकींतल्या बहुतेकींची फक्त विटांची धुराडी उरली आहेत, रांगाच्या रांगा. जानेवारी १९४५ मध्ये पळून जाताना नाझींनी वायूच्या कोठड्या सुरुंगाने उडवल्या. ते कोसळलेले स्लॅब आजही तसेच पडले आहेत. डागडुजी करणाऱ्यांचा नियम असा, की पडझड पुढे जाऊ द्यायची नाही आणि पडलेलं पुन्हा उभं करायचं नाही. भग्नावशेष भग्नच ठेवण्यासाठी इंजिनिअर, रसायनतज्ज्ञ आणि सुतार वर्षानुवर्षं राबत आहेत.

एकाच गोष्टीला ते हात लावत नाहीत. काचेमागे सुमारे दोन टन मानवी केस आहेत. ते मृतदेहाचाच भाग, म्हणून त्यांच्यावर कोणतीही प्रक्रिया होत नाही. ते हळूहळू झिजू दिले जातात. तिथे फोटो काढायलाही बंदी आहे. हा निर्णय मला पूर्ण पटतो.

आणि अजूनही नवं काही सापडतं. १२,००० हून अधिक भांडीकुंडी इथे आहेत. २०१६ मध्ये त्यांतल्या एका एनॅमलच्या मगाचा खोटा तळ झिजून सुटला आणि आतून बाईची अंगठी आणि गळ्यातली साखळी निघाली. सत्तर वर्षं तो मग मोजला जात होता, त्यातली ती लपवाछपवी कुणालाच ठाऊक नव्हती.

या सगळ्याला लागणारा पैसा एखाद्या वर्षाच्या बजेटात बसणारा नव्हे. म्हणून २००९ मध्ये व्वादिस्वाव बार्तोशेव्स्की यांच्या पुढाकाराने निधी स्थापन झाला. ते स्वतः याच छावणीतले कैदी क्रमांक ४४२७, पुढे पोलंडचे परराष्ट्रमंत्री. लक्ष्य होतं १२ कोटी युरोंचं. मुद्दल तशीच ठेवायची आणि तिच्या उत्पन्नावर डागडुजी कायम चालवायची. त्यातला निम्मा वाटा, ६ कोटी, जर्मनीने दिला. बाकीचा तीसहून अधिक देशांनी आणि देणगीदारांनी.

या जतनाची घाई का, ते आणखी एका मोजणीवरून कळतं. २७ जानेवारीला छावणीच्या मुक्तीचा स्मृतिदिन असतो. साठाव्या वर्षी, २००५ मध्ये, तिथे सुमारे १,५०० वाचलेले कैदी आले होते. सत्तराव्या वर्षी ३००. ऐंशीव्या वर्षी, २०२५ मध्ये, पन्नासच्या आसपास. पुढच्या दशकपूर्तीला साक्ष द्यायला भिंती आणि वस्तूच असतील.

मराठी प्रवासी आता क्राकोवपर्यंत मोठ्या संख्येने जातात. तुम्ही गेलात तर मूळ छावणी पाहून परत फिरू नका. दोन्ही छावण्यांमध्ये बस मोफत धावते. बिर्केनाउला निदान दीड तास द्या आणि कडेकडेने शेवटपर्यंत चाला.